एकस्व

शरणपूर रोडला, पॅथॉलॉजी लॅबच्या वर
माझ्या दोन खोल्या. मधली भिंत पातळ,
म्हणून पंखा कायम पाचवर.
डावीकडे भास्करराव गायखे, अंबडला चाळीस कामगार.
उजवीकडे मुबीन कोकणी, सातपूरला एक लेथ आणि एक भाचा.
मधे मी. मध्यस्थ म्हणजे शब्दशः तेच,
जिला दोन्ही खोल्यांत पाहुण्यांची खुर्ची मिळते.

भांडण बोटाच्या पेराएवढ्या पितळेवरून.
द्राक्षबागेत फवारणीच्या गनला लागतं ते नोझल.
आत मळसूत्रासारखी एक खाच,
पाणी तिच्यातून गिरकी घेत निघतं
आणि धुकं होऊन पानाच्या पाठीलाही चिकटतं.
पेटंट गायखेंच्या नावावर. दावा क्रमांक चार : ती खाच.
कोर्टातला दावा वेगळा, साडेसहा वर्षांचा.
पेटंटातला दावा, कोर्टातला दावा
आणि गोठ्यातलं दावं.
भाषेनं तिन्ही एकाच खुंट्याला बांधलीत.

पहिल्याच दिवशी सांगितलं,
पेटंट खरं की पोकळ ते मी ठरवणार नाही.
लवादाकडे गेलात तरी तो प्रश्न तिथे सुटायचा नाही.
मला एवढंच सांगा, उद्या सकाळी
शटर वर करताना तुम्हाला काय हवंय?
दोघंही म्हणाले, न्याय.
मी चहा मागवला.

तिसऱ्या बैठकीत एकेकाला वेगळं घेतलं.
गायखे बराच वेळ चष्मा पुसत होते.
‘ताई, लिहू नका. खाच मी काढली नाही.
टॅपचा दात तुटला होता, तो आत ओरखडत गेला.
मुबीन तो पीस भंगारात टाकत होता.
मी फक्त पाणी सोडून बघितलं.’

पलीकडे मुबीनभाई, नखातलं ग्रीस टोकरत :
‘मॅडम, आपल्यातच ठेवा. माझं डोकं नव्हतं त्यात.
टॅप तुटला. मी फेकणार होतो.
पाणी भास्करनं सोडलं.’

दोन खोल्यांत एकच वाक्य,
आणि दोघांनीही मला त्याची शपथ घातलेली.
तोंडात कढत घास घ्यावा तशी मी
जिना उतरून खाली गेले, पुन्हा वर आले.
गिळता येईना, थुंकता येईना.
वाटलं, भिंतच जरा आणखी पातळ असती तर.
त्या दिवशी पंखा एकवर आणून पाहिला.
दोघांनीही उकडतंय म्हणून तक्रार केली.

पुढच्या वेळी म्हटलं, पहिला पीस कुणाकडे असेल तर आणा.
मुबीनभाईंनी आणला, कॉटन वेस्टमध्ये गुंडाळून.
गायखेंनी तो उजेडाकडे धरला, एक डोळा मिटून.
खाली लॅबमध्ये कुणाचं तरी पोर
सुईच्या आधीच रडायला लागलं होतं.
मग त्यांनी तो टेबलावर ठेवला
आणि माझ्याकडे नाही, समोर सरकवला.
खाचेबद्दल कोणी बोललं नाही.
‘साखर कधी सोडलीस?’
‘कोविडनंतर. तुझी?’
‘चालू आहे अजून.’

करार अकरा कलमांचा झाला.
नोझलमागे पावणेदोन रुपये, मागचं एकरकमी,
कोर्टातला दावा मागे.
अकरावं कलम त्यांनी स्वतः घातलं, वकील वैतागले :
पहिला पीस सहा महिने अंबडला, सहा महिने सातपूरला.
पावसाळा कुणाकडे, यावर अर्धा तास गेला.

पेटंटला मराठीत एकस्व म्हणतात.
सरकारी शब्द, तोंडात कुणाच्या नसतो.
मसुद्यात मी तो हौसेनं घातला होता.
मुबीनभाईंनी बोट ठेवून विचारलं, हे काय?
मी अर्थ सांगितला.
गायखे म्हणाले, पेटंटच लिहा ताई, बरं वाटतं.

नियमाप्रमाणे माझी टिपणं मी फाडली.
वाक्य फाडता येत नाही, म्हणून इथे ठेवते.
नावं बदललीत, कारखान्यांची अदलाबदल केलीय,
नोझलही कदाचित नोझल नसेल.
तुटका दात तेवढा होता.